डाव्या कानामागचा पट्टा

माझ्या डाव्या कानामागे सध्या बोटभर रुंदीचा भादरलेला पट्टा आहे. घरच्यांनी गजकर्ण समजून मलम आणलं. फुटबॉलच्या आशियाई चषकावर मलम चालत नाही.

मंगळवारी, २३ जानेवारी २०२४ ला, संध्याकाळी पाचला कतारच्या अल बैत स्टेडियमवर भारत-सीरिया सामना होता. त्या वेळी घरचा टीव्ही माझा नसतो. सोमवारी सलून बंद, मंगळवारी निम्मी माणसं केसांना कात्री लावू देत नाहीत, तेव्हा दुकान रिकामं आणि रिमोट आपला, असा माझा हिशेब. पण बाजूच्या खुर्चीत एक काका डोक्याला डाय थापून बसले होते. डाय लावलेल्या माणसाला अर्धा तास कुठे जाता येत नाही, डोकं टेकवता येत नाही. तोंड तेवढं मोकळं असतं.

"स्कोअर काय?"

"शून्य-शून्य."

"म्हणजे सुरू व्हायचीय अजून?"

"पस्तीस मिनिटं झाली, काका."

काका बँकेतून निवृत्त झालेले निघाले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली असावीत, पण काउंटरच्या पलीकडच्या माणसाकडे बघायची नजर शाबूत होती.

"आधीच्या मॅचा?"

मी शक्य तितकं पुटपुटत सांगितलं. ऑस्ट्रेलियाकडून दोन-शून्य. उझबेकिस्तानकडून तीन-शून्य.

"म्हणजे नावे पाच. जमेला?"

"जमेला काही नाही."

"खातंच उघडलेलं नाही," काका आरशातल्या मला म्हणाले. "बरं, आज जिंकलो तर?"

मी उत्साहाने (मूर्खपणा!) समजावायला लागलो. सहा गट, त्यातले तिसऱ्या क्रमांकाचे चार संघ पुढे जातात, एका गोलने जिंकलो तर तीन गुण आणि गोलफरक वजा चार.

"वजा चारवर आम्ही सायकलीलाही कर्ज देत नव्हतो."

कारागीर मशीन बंद करून हसला. माझ्या डोक्यावर उभं राहून, माझ्याच पैशांनी.

"आणि तो आपला कॅप्टन छेत्री? त्याचे बरेच गोल आहेत म्हणे."

"९३."

"मग काय मुदतठेव आहे का ती? मोडायची की अडीअडचणीला!"

यावर मीही हसलो. तेच मला अजून सलतंय. छेत्री ३९ वर्षांचा आहे, पुढे एकटाच पळतोय, त्याच्या मागून नाव घ्यावं असा गोल करणारा तयार झालेला नाही, हे सगळं ओठांवर होतं. पण गळ्याभोवती कापड बांधलेला माणूस वाद घालू शकत नाही. हात आत असतात.

मग काकांनी हुकमी पान टाकलं. १९५० च्या वर्ल्डकपला आपल्याला अनवाणी खेळू दिलं नाही, म्हणून आपण गेलो नाही. ही गोष्ट या देशात प्रत्येकाला पाठ असते. ४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बरेचसे खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सशी दोन-एकने हरले, तेही दोन पेनल्टी वाया घालवून, हे मात्र कुणाला ठाऊक नसतं. ५० साली संघटनेनेच संघ पाठवला नाही. बूट बिचारे बदनाम झाले. मी प्रत्युत्तरादाखल ६२ चं जकार्ताचं एशियाडचं सुवर्ण काढलं, ६४ च्या आशियाई चषकातलं उपविजेतेपद काढलं. तेव्हा स्पर्धेत चारच संघ होते, हे काकांना सांगितलं नाही.

"१४० कोटींत अकरा सापडत नाहीत?" काका म्हणाले.

सापडतील कसे? कोल्हापूरला पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या फुटबॉल सामन्याला शाहू स्टेडियम भरतं, तसं महाराष्ट्रात दुसरीकडे कुठे भरतं ते दाखवा. बाकी गावांत मैदानावर बारा महिने लग्नाचा मांडव नाहीतर प्रदर्शन. क्लब गोल करायला परदेशातून माणूस आणतात, आणि मग राष्ट्रीय संघाने गोल का केला नाही म्हणून आपण कपाळाला हात लावतो. त्या १४० कोटींतले आम्ही तिघं त्या क्षणी दुकानात होतो. एक डाय वाळवत होता, एक मशीन चालवत होता आणि तिसरा कापडाखालून रिमोट मागत होता, कारण काकांना मध्येच बातम्या हव्या झाल्या होत्या.

रिमोट परत मिळाला तेव्हा ७६ वं मिनिट होतं. सीरियाच्या ओमर ख्रिबिनने चेंडू जाळ्यात घातला. मी "अरे!" करून उडालो. मशीन कानामागून सरळ वर गेलं.

"साहेब, हलायचं नाही ना," कारागीर म्हणाला. मग बराच वेळ काहीच म्हणाला नाही.

सामना शून्य-एक संपला. तीन सामने, शून्य गोल, शून्य गुण. काका डोकं धुऊन कावळ्यासारखे काळेभोर होऊन आले, माझा कान दोन बोटांनी पुढे दुमडला आणि पट्टा निरखून कारागिराला म्हणाले, "सुतक आहे ना यांना? मग एवढंच काय काढलंस? पूर्ण डोकं करायचं असतं."

कारागिराने कटिंगचे पूर्ण पैसे घेतले.