गच्चीची किल्ली

मित्रहो,

आज सकाळी तळजाईच्या टेकडीवरून फिरून परत येताना आमच्या नेहमीच्या मंडळींत भाडेकरूंचा विषय निघाला. एकाचा भाडेकरू दर महिन्याला आठ-दहा दिवस उशिरा भाडे देतो, असे तो सांगत होता. त्यावर दुसऱ्याने, ज्याला मी तीस वर्षे सज्जन माणूस म्हणून ओळखतो, सल्ला दिला की, "दोन दिवस त्याचे पाणी बंद कर, आपोआप सरळ येईल." सगळे हसले. मी हसलो नाही, पण काही बोललोही नाही, आणि घरी आल्यापासून त्याच गोष्टीची चीड मनातून जात नाही.

बोललो नाही, कारण मी स्वतः ते केलेले आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सहकारनगरमध्ये आमचे दुमजली घर आहे. खाली आम्ही दोघे राहतो. वरचा मजला मुलासाठी बांधला होता, पण त्याची नोकरी हिंजवडीला असल्याने रोजच्या येण्याजाण्यात त्याचे तीन-तीन तास जाऊ लागले आणि शेवटी तो वाकडला राहायला गेला. वर्षभर मजला बंद राहिला, दारांच्या चौकटींना वाळवी लागली, आणि मग दीड वर्षापूर्वी आम्ही आयुष्यात पहिल्यांदा घरमालक झालो. वर पती-पत्नी आणि त्यांची तीन वर्षांची मुलगी असे कुटुंब राहते. त्या ताईंची दुपारची पाळी असते आणि कंपनीची गाडी त्यांना रात्री अकराच्या सुमारास दाराशी सोडते.

गोष्ट गेल्या एप्रिलमधल्या एका गुरुवारची आहे. पुण्यात गुरुवारी पाणी बंद आणि शुक्रवारी उशिरा व कमी दाबाने, ही सूचना आपल्याला पाठ आहे. गच्चीवरची टाकी आदल्या दिवशी भरून ठेवलेली होती आणि ती दोन्ही घरांना शुक्रवार दुपारपर्यंत पुरवायची होती. रात्री साडेअकरा वाजता वर कपडे धुण्याचे यंत्र सुरू झाले. त्या महिन्यात असे चौथ्यांदा होत होते. मी उठलो, गच्चीची किल्ली घेतली, बाहेरच्या जिन्याने त्यांच्या दारावरून वर गेलो आणि वरच्या मजल्याचा कॉक बंद करून खाली येऊन पडलो.

पुढचे सांगण्याआधी थोडे कागदांविषयी लिहितो, कारण अलीकडे दोन-तीन मित्रांनी वरचा मजला भाड्याने द्यायचा म्हणून मला विचारले आहे. कागदोपत्री घरमालक होणे फारसे अवघड नाही. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, असे जे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते, ते चुकीचे आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या ५५व्या कलमाप्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो. ती जबाबदारी घरमालकाची असते आणि त्यात कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हीची तरतूद आहे. शिवाय नोंदणी नसताना वाद उभा राहिला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. नोंदणी शुल्क शहरात एक हजार रुपये आणि मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का असते. आधार क्रमांक आणि अंगठ्याचा ठसा घेऊन ते काम घरबसल्या होते. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन नोंदवता येते, ती नोंदवावी. वरच्या मजल्याला महावितरणचा स्वतंत्र मीटर आधीच घेऊन ठेवावा, नाहीतर दोन्ही घरांचे युनिट एकत्र होऊन चढ्या दराने आकारले जातात आणि दर महिन्याला हिशेबाची कटकट होते. स्वतः राहतो त्या घराला महापालिका मिळकत करात जी ४० टक्के सवलत देते, ती भाड्याने दिलेल्या भागाला मिळत नाही, हेही गणितात धरावे.

आमच्या घरी हे सगळे एका दुपारी उरकले. मी बँकेत आयुष्य काढलेले असल्याने कागद नीट झाले म्हणजे काम नीट झाले, असे मला वाटत होते.

त्या कागदात आवाजाविषयी एक ओळही नव्हती. खालच्या माणसाला वरच्या घरातले सगळे ऐकू येते. खुर्ची सरकवलेली कळते, खलबत्त्यात काही कुटलेले कळते, मुलगी धावत कोणत्या खोलीतून कोणत्या खोलीत गेली तेही कळते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनाही हे ऐकू येते, परंतु तिथे वरचा माणूस आपल्याइतकाच मालक असतो आणि आपण निमूटपणे कूस बदलतो. इथे प्रत्येक आवाजाबरोबर "माझ्या घरात" हे दोन शब्द मनात उमटतात. पहिले दोन महिने मी चक्क कान देऊन ऐकत असे. त्यांच्याकडे पाहुणे किती आले, फाटक रात्री कितीला वाजले, न्हाणीघरात नळ किती वेळ चालू राहिला, हे सगळे मी सकाळी चहाच्या वेळी पत्नीला सांगत असे. ती एकदा म्हणाली, "अहो, त्यांनी घर भाड्याने घेतले आहे, तुमची नजर घेतलेली नाही." मला राग आला होता. आज तो राग आठवला की वाईट वाटते.

आणि त्या गुरुवारी, मी कॉक बंद करून खाली आल्यावर दहा-बारा मिनिटांनी आमच्या दारावर टकटक झाली. ताई बादली घेऊन उभ्या होत्या. "काका, तुमच्याकडे पाणी येते आहे का? मुलीला ताप आहे, तिने दोनदा अंथरुणात उलटी केली, चादरी यंत्रात टाकल्या आणि पाणीच गेले." मी म्हणालो, "टाकी संपली असेल, आज गुरुवार आहे ना." टाकी अर्ध्याहून अधिक भरलेली मी दहा मिनिटांपूर्वी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

पत्नीने स्वयंपाकघरातल्या पिंपातून दोन बादल्या भरून दिल्या. एक ताईंनी उचलली, एक मी उचलली. जिना चढताना त्या तीनदा म्हणाल्या, "काका, तुम्ही कशाला, मी नेते ना." ती बादली त्यांच्या दारात ठेवून मी "टाकी बघून येतो" असे सांगून गच्चीवर गेलो आणि कॉक उघडला. खाली आलो तेव्हा पत्नी दिवा मालवून झोपली होती. झोपली नव्हती, हे मला ठाऊक आहे.

आता आजच्या मंडळींविषयी. मला त्यांचा मनापासून राग आला आहे. आपल्यातले निम्मे लोक वाड्यांत, भाड्याच्या दोन खोल्यांत वाढले. नारायण पेठेत आम्ही सहा माणसे दोन खोल्यांत राहत होतो आणि भाडे अठरा रुपये होते. चौकात सगळ्या बिऱ्हाडांना मिळून एक नळ होता. मी नऊ वर्षांचा असताना वडिलांच्या आजारपणात तीन महिन्यांचे भाडे थकले आणि मालकांनी एका सकाळी त्या नळाची चावीच काढून नेली. इतर बिऱ्हाडांना पाणी हवे असले की ती चावी मिळत असे. आम्हाला मिळत नसे. आई पहाटे साडेचारला उठून शेजारच्या वाड्यातून कळशीने पाणी आणत असे, कारण उजाडल्यावर लोकांनी पाहिले असते. ही गोष्ट मी मुलाला अनेकदा सांगितली आहे आणि प्रत्येक वेळी वाड्याच्या मालकाला नावे ठेवली आहेत. त्या मालकाचीही बाजू होती, हे मान्य करतो. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठवलेली होती, अठरा रुपयांत कौले शाकारून होत नव्हती आणि भिंती ढासळत होत्या. पण कौलांचा खर्च आणि माझ्या आईची कळशी यांचा एकमेकांशी काय संबंध होता?

इतके सगळे माहीत असूनही मी रात्री साडेअकराला किल्ली घेऊन गच्चीवर गेलो. हेच मला कळत नाही. यात माझा स्वभाव वाईट, असे म्हणून मला सुटायचे नाही. ज्या घरात मालक आणि भाडेकरू एकाच छपराखाली राहतात, तिथे मालकाच्या हातात नको इतक्या गोष्टी असतात. टाकीचा कॉक, पंपाचे बटण, फाटकाचे कुलूप, गच्चीची किल्ली, जिन्यातला दिवा. दूर राहणाऱ्या मालकाला राग आला तर तो फोन करतो, फार तर पत्र पाठवतो, आणि तोवर राग निवतो. मला माझा राग घेऊन फक्त अडतीस पायऱ्या चढायच्या होत्या.

भाडेकरू त्रास देतात, हेही खरे आहे. आमच्याच गल्लीत एका वृद्ध बाईंच्या वरच्या मजल्यावर करार संपल्यावरही भाडेकरू सात महिने हलले नाहीत. त्यांचे हाल मी पाहिले आहेत. पण त्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे असे अर्ज ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज करण्याचा मार्ग १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या २४व्या कलमात आहे आणि मुदतीनंतर राहणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाई मागता येते. ते वेळखाऊ आहे, मान्य. आणि त्याच कायद्याचे २९वे कलम असे सांगते की मालकाने पुरेशा कारणाशिवाय पाणी, वीज यांसारख्या आवश्यक सोयी तोडू नयेत. आज सकाळी हसणाऱ्यांपैकी दोघे वकील आहेत.

थोडे शांत झालो आहे, म्हणून एक चांगली गोष्टही लिहितो. गेल्या पावसाळ्यात वरच्या न्हाणीघरातून आमच्या छताला ओल आली. पूर्वीचा मी असतो तर आधी पाण्याच्या वापरावरून बोललो असतो. या वेळी मी गवंड्याला बोलावले, फरशीच्या फटी भरून घेतल्या आणि खर्च मीच केला, कारण घर दुरुस्त राखणे हे मालकाचेच काम आहे. ते काम चालू असताना चार दिवस वरची मुलगी आंघोळीला आमच्याकडे येत होती आणि पत्नी तिची वेणी घालून देत होती. आता वर धावण्याचा आवाज आला की पत्नी "उठली वाटते" इतकेच म्हणते, आणि खरे सांगायचे तर तो आवाज आता मलाही खुपत नाही.

चादरी धुणारे ते यंत्र अजूनही कधीकधी रात्री अकरानंतर सुरू होते. त्याविषयी मी त्यांच्याशी एकदाही बोललेलो नाही. "ताई, गुरुवारी रात्री यंत्र लावू नका, टाकी पुरत नाही," हे एक वाक्य मी एप्रिलपासून बोलू शकलेलो नाही, कारण ते तोंडावर आले की दारात बादली घेऊन उभ्या असलेल्या ताई डोळ्यांसमोर येतात.

फिरून आल्यावर नाश्ता न करता मी किल्लीवाल्याकडे गेलो आणि गच्चीच्या किल्लीची दुसरी प्रत करून आणली. आज ताईंना सुट्टी आहे. संध्याकाळी मुलीला बागेतून घेऊन आल्या की मी वर जाऊन ती किल्ली त्यांच्या हातात देणार आहे, कॉक कुठे आहे ते दाखवणार आहे आणि त्या रात्री टाकीत पाणी होते, हेही सांगणार आहे. पत्नीला विचारले, तर ती म्हणाली, "मीही येते."