गायकवाडांचं स्पेलिंग

भाची पीएचडी करतेय. विषय बडोदे संस्थानातलं सक्तीचं प्राथमिक शिक्षण. १८९३ मध्ये अमरेलीत प्रयोग म्हणून सुरू झालं आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानाला लागू झालं, तेच. परवा दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आली, हिंचक्यावर बसली आणि म्हणाली, "मामा, माझ्या विषयावर काही मटेरियलच नाहीये रे."

बडोद्यात बसून हे ऐकायचं!

विचारलं, काय टाकून शोधलंस? लॅपटॉप माझ्याकडे वळवला. गायकवाड, आज सगळे लिहितात तसं, जी-ए-आय. म्हटलं, आय काढ, तिथे ई घाल. यादीच बदलली. मग शेवटचा डी काढून आर घातला, कारण आपल्या 'ड'चा साहेब लोक कित्येकदा 'र' करून ठेवत. त्याहून मागे जायचं असेल तर जी-यू-आय-सी-ओ-डब्ल्यू-ए-आर. शहराची तीच तऱ्हा. वडोदरा, बरोडा आणि सतराव्या शतकातल्या इंग्रज व्यापाऱ्यांच्या कागदांत ब्रोडेरा. मराठीत शोधावं तर जुन्या छपाईत 'बडोदें', 'सक्तीचें', डोक्यावर अनुस्वार. तुम्हाआम्हाला तो टिंब दिसतही नाही, सर्चच्या खिडकीला मात्र तो निराळाच शब्द वाटू शकतो.

"तुमच्या लायब्ररीत ट्रेनिंग झालं नाही का?"

"झालं ना. पहिल्याच आठवड्यात. हॉलभर मुलं, एक तास, स्लाइड्स. शेवटी सर्टिफिकेट."

यावर मी तावातावाने बोलणार होतो, पण गप्प बसलो. एका कॉलेजात तीस वर्षं ग्रंथपाल होतो, आणि दर जुलैत हेच केलंय. हा डेटाबेस, हा पासवर्ड, काही प्रश्न? प्रश्न कुठून असणार? विषयच अजून ठरलेला नसतो. पोहायला शिकवायचं तर माणूस पाण्यात तरी हवा. खरा प्रश्न येतो आठ महिन्यांनी, गाइडने मसुदा परत फेकल्यावर, आणि तेव्हा लायब्ररीत विचारायला जायची मुलांना लाज वाटते. ट्रेनिंग तेव्हा द्या, असं माझं म्हणणं आहे. पाच-सहा जण, प्रत्येकाचा स्वतःचा विषय, टेबलाभोवती दोन तास.

ज्या गावात हे चाललंय ते गाव कुठलं? सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेतून ग्रंथपाल बोर्डेन साहेबांना बोलावलं आणि पुढच्याच वर्षी इथे ग्रंथपालनाचे वर्ग सुरू झाले. खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरायच्या. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत काचेच्या जमिनी आहेत, वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत पोचावा म्हणून. (लहानपणी मला त्यावरून चालायची भीती वाटायची.)

पैसा नाही, असंही आता म्हणता येत नाही. संशोधनाची नियतकालिकं ऑनलाइन वाचायला देणाऱ्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी, तीस प्रकाशक, जवळपास तेरा हजार नियतकालिकं. सरकारी संस्थांतल्या मुलांना दार उघडलं. पीएचडीचे प्रबंध ठेवलेली शोधगंगा ही वेबसाइट तर सगळ्यांनाच फुकट, आणि चालते आपल्या शेजारच्या गांधीनगरातून. पण आत जाऊन काय टाइप करायचं, ते कोण शिकवणार?

उलट मुलं लायब्ररीत धावत येतात ती एकाच कामाला. "सर, टक्के कमी करून द्या ना." यूजीसीचा २०१८ चा नियम आहे, दहा टक्क्यांपर्यंत साम्य असलं तर दंड नाही. झालं! वाङ्मयचौर्य म्हणजे सॉफ्टवेअरने दाखवलेला आकडा, एवढंच डोक्यात बसलं. शब्द फिरवून दुसऱ्याचा विचार ढापला की आकडा खाली येतो आणि सगळे खूश.

भाचीच्या टिपणात एक लेख होता, अगदी तिच्याच विषयावरचा. एआयने सुचवलेला. मी म्हटलं, उघडून दाखव. नियतकालिक खरं निघालं, वर्ष आणि अंकही खरा. त्या पानांवर दुसऱ्याच कुणाचा, दुसऱ्याच विषयावरचा लेख. पोरगी पांढरीफटक पडली. तिच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. संदर्भ स्वतः उघडून पाहिल्याशिवाय लिहायचा नाही, हे तिला त्या तासाभरात कुणी सांगितलंच नव्हतं. मी तरी माझ्या मुलांना कुठे सांगितलं होतं? तेव्हा असले बनावट लेख नव्हते हे खरं, पण न वाचलेली पुस्तकं संदर्भसूचीत टाकणारे तेव्हाही होतेच.

मग शेव-उसळ मागवली आणि रात्री साडेदहापर्यंत बसलो. एक बरा लेख सापडला की त्याच्या तळटीपा धरून मागे जायचं आणि त्याचा आधार पुढे कोणी घेतला ते पाहत पुढे यायचं, हे तिला एकदा दाखवलं. दुसऱ्यांदा तिने मला दाखवलं.

वहीच्या शेवटच्या पानावर तिने गाव आणि घराणं, दोन्हींची वेगवेगळी स्पेलिंगं मांडून ठेवलीत. आत्तापर्यंत नऊ झाली. जुन्या कागदांत, नकाशांवर, आजोबांच्या दप्तरात तुम्ही आणखी कुठलं पाहिलं असेल तर इथे लिहा, तिला कळवतो.