‘रॉकेट’ हे पहिलं रेल्वे इंजिन नव्हे

फोनवर एक मजकूर सारखा फिरतोय: ‘किटलीचं झाकण वाफेने उडताना पाहून जेम्स वॉटने वाफेचं इंजिन शोधलं. जॉर्ज स्टीफन्सनने ते रुळांवर आणलं. त्याचं १८२९चं ‘रॉकेट’ हे जगातलं पहिलं रेल्वे इंजिन.’ मुलं हे पाठ करतात, म्हणून सविस्तर लिहितो. यातलं एकही वाक्य बरोबर नाही.

आधी किटली. वॉट जन्मला १७३६ साली, आणि न्यूकमेनचं इंजिन १७१२पासून खाणीतलं पाणी उपसत होतं. वॉटने वाफ थंड करायला वेगळं भांडं जोडलं आणि कोळशाची प्रचंड बचत केली. हे त्याचं खरं मोठं काम. त्याच्या इंजिनाचं बळ मुख्यतः वाफ थंड झाल्यावर होणाऱ्या पोकळीतून यायचं. आपल्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेच्या साधारण दुप्पट असतो. वॉटच्या बॉयलरमध्ये तेवढाही नसे. त्यामुळे सिलिंडर अवाढव्य, शिवाय थंड पाण्याची सोय हवी. असं धूड चाकांवर चढणार कसं? जास्त दाबाची वाफ वॉटला धोक्याची वाटायची, आणि त्याचा तिला विरोधच होता.

तो धोका पत्करला कॉर्नवॉलच्या रिचर्ड ट्रेविथिकने. २१ फेब्रुवारी १८०४ रोजी वेल्समधल्या पेनिडॅरनच्या लोखंड कारखान्यातून त्याचं इंजिन निघालं. मागे पाच वाघिणी, त्यांत १० टन लोखंड आणि सुमारे ७० माणसं. जवळजवळ १६ किलोमीटर जायला चार तासांहून थोडा जास्त वेळ लागला. वापरलेली वाफ त्याने धुराड्यात सोडली होती; तिच्या झोताने भट्टीत हवा ओढली जाते आणि आग फुलते, हेही त्याच्या लक्षात आलं होतं. इंजिन चाललं, पण रूळ बिडाचे होते, त्या वजनाखाली तडकले. १८३३मध्ये तो कफल्लक अवस्थेत गेला, तेव्हा अंत्यविधीचा खर्च कारखान्यातल्या सहकाऱ्यांनी उचलला. फिरणाऱ्या मजकुरात त्याचं नावही नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

‘रॉकेट’ पहिलं होतं का? १८१२पासून लीड्सजवळ मरेचं ‘सालामांका’ दात्यांच्या रुळावर कोळसा ओढत होतं. पुढच्या काही वर्षांतलं ‘पफिंग बिली’ आजही लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये उभं आहे. खुद्द स्टीफन्सनचं ‘ब्लूचर’ १८१४चं, ‘लोकोमोशन’ १८२५चं. म्हणजे ‘रॉकेट’ त्याचंही पहिलं नाही.

मग ‘रॉकेट’चं मोठेपण कशात? लिव्हरपूल–मँचेस्टर रेल्वेच्या संचालकांना ठरवायचं होतं, की गाड्या चालत्या इंजिनाने ओढायच्या, की जागेवर बसवलेल्या इंजिनांनी दोर लावून. त्यासाठी ऑक्टोबर १८२९मध्ये रेनहिलला चाचणी झाली आणि ५०० पौंडांचं बक्षीस ‘रॉकेट’ने जिंकलं. ते न्यूकॅसलच्या कारखान्यात घडवलं जॉर्जच्या मुलाने, रॉबर्टने. आधीच्या इंजिनांत बहुधा एखाद-दुसरी जाड नळी बॉयलरमधून जायची. इथे तांब्याच्या २५ बारीक नळ्या होत्या, आणि ती कल्पना रेल्वेचा खजिनदार हेन्री बूथची. आगीची धग पाण्याला कितीतरी जास्त पृष्ठभागावरून मिळू लागली. पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ इंजिनांचे बॉयलर याच नळ्यांच्या रचनेवर बनत राहिले.