‘थांबला तर जमाव, पळाला तर दहा वर्षं’: एका फॉरवर्डचा हिशेब

जानेवारी 2024 च्या पहिल्या दोन दिवसांत ट्रक-टँकरचालकांनी गाड्या उभ्या केल्या. मनमाडजवळ पानेवाडीच्या इंधन डेपोंतून टँकर बाहेर पडेनात आणि गावोगावच्या पंपांवर बाटल्या-कॅन घेऊन रांगा लागल्या. त्या गडबडीत जन्मलेला एक मेसेज अजून फिरतोय. कुठे अपघाताची बातमी झाली की कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर तो पुन्हा उगवतो. मजकूर थोडक्यात असा: नव्या कायद्यात ड्रायव्हरला 10 वर्षं कैद आणि 7 लाख दंड आहे. थांबला तर जमाव ठेचतो, पळाला तर तुरुंग. चूक कोणाचीही असो, मोठ्या गाडीवाल्यालाच धरतात. अपघात मुद्दाम कोणी करत नाही. जखमीला विम्याचे पैसे मिळतातच, मग वर शिक्षा कशाला? जगात कुठेही इतकी कडक शिक्षा नाही. गरीब ड्रायव्हर मरतो, मालक मोकळा.

तालुका कोर्टात वकिली करताना मी या प्रकरणांत दोन्ही बाजूंनी उभा राहतो, कधी ड्रायव्हरकडून, कधी जखमीकडून. मेसेजचं शेवटचं वाक्य मला मान्य आहे. बाकीच्यांकडे ओळीने बघू.

दहा वर्षांची तरतूद जुन्या दंडविधानाच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 च्या दुसऱ्या पोटकलमात आहे. बेदरकार गाडी चालवून कोणाचा मृत्यू घडवला, आणि पोलिसांना किंवा मॅजिस्ट्रेटला लगेच न कळवता पळ काढला, तर कमाल दहा वर्षं. यातल्या दोन्ही अटी लागतात: माणूस मेला पाहिजे आणि कळवलेलं नसलं पाहिजे. 7 लाखांचा आकडा त्यात कुठेच नाही. फक्त ‘आणि दंड’ इतकंच लिहिलंय. रक्कम लिहिलेली नसेल तिथे दंडाला वरची मर्यादा नसते, पण तो अवाजवी नसावा, हा जुन्या दंडविधानापासूनचा नियम आहे. त्यातून 7 लाख कोणी काढले देव जाणे. शिवाय संपानंतर सरकार मागे हटलं. 1 जुलै 2024 ला संहिता लागू झाली ती हे पोटकलम बाजूला ठेवून. लागू झालं ते पहिलं पोटकलम: निष्काळजीपणाने मृत्यू, कमाल पाच वर्षं. जुन्या दंडविधानाच्या कलम 304-अ मध्ये ती दोन होती. वाढ झाली हे खरं, पण मेसेजमध्ये आहे ती नव्हे.

‘थांबला तर जमाव ठेचतो’ ही भीती खोटी नाही. अपघाताच्या जागी ड्रायव्हरला बदडल्याचे, केबिनच्या काचा फोडल्याचे, गाडी पेटवल्याचे प्रकार होतात. पण कायद्याला जमाव दिसतच नाही असं जे मेसेज सुचवतो, ते चूक आहे. मोटार वाहन कायदा 1988 चा. त्याचं कलम 134 सांगतं की ड्रायव्हरने जखमीला उपचार मिळवून द्यावेत, मात्र जमावाच्या रोषामुळे किंवा हाताबाहेरच्या दुसऱ्या कारणामुळे ते जमलं नाही तर त्याला सूट आहे. जमावाचा हा उल्लेख कलमात शब्दशः आहे. अशा वेळी जवळच्या ठाण्यात जाऊन काय झालं आणि उपचार का देता आले नाहीत हे सांगायचं, त्यालाही 24 तासांपर्यंत मुदत. म्हणजे जीव वाचवायला जागेवरून निघणं गुन्हा नाही. निघून ठाण्याऐवजी थेट गॅरेज गाठणं आणि बंपर बदलून घेणं हा गुन्हा आहे. जमावापासून पळालेला आणि जबाबदारीपासून पळालेला यांत कायदा फरक करतो, मेसेज करत नाही. आणि जबाबदारीपासून पळाल्याची या कायद्यातली शिक्षा? कलम 187: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 2019 च्या दुरुस्तीआधी दंड 500 होता.

केंद्राच्या आकडेवारीत 2022 साली देशात ठोकून पळालेल्यांच्या अपघातांत 30,486 माणसं गेली. पळालेल्या साऱ्या चालकांच्या मागे जमाव लागला होता असं कोणी म्हणणार असेल तर त्याला माझा कोपरापासून नमस्कार.

‘मुद्दाम कोणी करत नाही’ हे बहुतेक वेळा खरंच असतं, म्हणून तर कायदा याला खून म्हणत नाही. पण मुद्दाम आणि नकळत यांच्या मधे बरीच जागा आहे. 12 नोव्हेंबर 2006 च्या पहाटे मुंबईत कार्टर रोडवर एक मोटार फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गेली. सात जण मेले, आठ जखमी. चालवणारा प्यायलेला होता. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणाचं कलम लावून सहा महिने दिले. उच्च न्यायालयाने ते बदललं. दारू पिऊन त्या वेगाने गाडी हाणली तर माणूस मरू शकतो हे चालवणाऱ्याला ठाऊक असतं, म्हणून सदोष मनुष्यवध, तीन वर्षं. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. सात जिवांना तीन वर्षं. कडक म्हणायची तर म्हणा.

मोठ्या गाडीवाल्याच्या तक्रारीत निम्मं तथ्य आहे. एफआयआर बहुधा मोठ्या गाडीवरच फाटतो. ‘आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगात चालवून’ हे वाक्य ठाण्यात इतकं पाठ असतं की उभ्या ट्रकला मागून दुचाकी धडकली तरी कधीकधी तेच उतरतं. पण एफआयआर म्हणजे शिक्षा नव्हे. कर्नाटकातला एक ट्रक उलटून 15 माणसं गेली. 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या ट्रकचालकाची सुटका कायम ठेवली. गाडी वेगात होती एवढ्यावरून बेदरकारपणा सिद्ध होत नाही, तो पुराव्याने दाखवावा लागतो, असं न्यायालय म्हणालं. खालच्या कोर्टात ड्रायव्हरचे वकील आजही हा निकाल पुढे करतात, मीही करतो. तेव्हा चूक कोणाचीही असो, शिक्षा आम्हालाच, हे निकालांवरून दिसत नाही.

आता ज्याच्याबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही तो माणूस. न मेलेला.

2022 मध्ये देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं मेली, तर 4,43,366 जखमी झाली. सगळा आरडाओरडा मृत्यूच्या कलमावर. जखमीसाठी संहितेत कलम 125 आहे. साधी दुखापत असेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड. गंभीर दुखापत असेल तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 10,000 पर्यंत दंड. यातल्या ‘किंवा’वर सगळं अडलेलं असतं. कैद दिलीच पाहिजे असं नाही, आणि खालची मर्यादाही नाही. गंभीर म्हणजे काय, तर हाड मोडलं की गंभीर. करंगळीचं हाड मोडलं तरी तेच कलम आणि मणका मोडून कमरेखाली कायमचा लुळा पडला तरी तेच. त्याच मोटार वाहन कायद्यात जादा माल भरलेल्या ट्रकला 20,000 रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला 2,000. ट्रकमध्ये टन जादा झाला तर 20,000 च्या पुढे, माणसाचा पाय गेला तर 10,000 च्या आत.

हे कोर्टात कसं होतं ते सांगतो. गुन्हा जामीनपात्र, जामीन ठाण्यातच होतो. ट्रक सुपूर्तनाम्यावर, म्हणजे लागेल तेव्हा हजर करण्याच्या लेखी हमीवर, सुटून पुन्हा रस्त्याला लागतो. तीन-चार वर्षांनी तारीख लागते तेव्हा आरोपीला नेमका कोणता अपघात ते आठवावं लागतं. त्याला विचारतात, गुन्हा कबूल आहे का? वकिलाने आधीच सांगून ठेवलेलं असतं, तो मान हलवतो. मग दंड, आणि ‘न्यायालय उठेपर्यंत कैद’. म्हणजे मागच्या बाकावर बसायचं, दुपारी चहाला जायची परवानगी मागायची, संध्याकाळी पावती घेऊन निघायचं. त्या दिवशी जखमी कोर्टात नसतो, बहुतेकदा त्याला कळवलेलंही नसतं. खटला चालला असता तर तो साक्षीदार म्हणून आला असता. गुन्हा कबूल झाला की साक्षीदाराची गरज उरत नाही. मांडीत रॉड घातलेला, दुसऱ्या ऑपरेशनसाठी पैसे जमवणारा माणूस महिन्या-दोन महिन्यांनी विचारायला येतो, साहेब, आपल्या केसचं काय झालं?

आणखी एक विचित्र गोष्ट. तोच ड्रायव्हर, तोच वेग, तीच धडक. जखमीला वेळेत मोठं हॉस्पिटल मिळालं आणि तो जगला तर कमाल तीन वर्षं. अॅम्ब्युलन्सला उशीर होऊन तो मेला तर कमाल पाच. ड्रायव्हरच्या वागण्यात काडीचा फरक नाही, शिक्षा मात्र दवाखाना किती लांब यावर ठरली. अन्याय म्हणायचाच असेल तर हा म्हणा. त्यात ड्रायव्हरचंही नुकसान आहे, जखमीचंही.

‘विमा देतोच की.’ देतो, पण कधी? अपघात दावा प्राधिकरणात अर्ज करायचा, त्यालाही सहा महिन्यांची मुदत. मग अपंगत्वाचा दाखला, डॉक्टरांची साक्ष, उत्पन्नाचा पुरावा. रोजंदारीवरच्या गवंड्याने उत्पन्नाचा पुरावा कुठून आणायचा? ठोकणारा सापडलाच नाही तर सरकारी योजनेतून गंभीर जखमीला 50,000 रुपये. 2022 पर्यंत ते 12,500 होते. आणि मिळाले तरी ते पैसे विमा कंपनीचे, चालवणाऱ्याच्या खिशाला तोशीस नाही. भरपाईने माणसाचं घर चालतं, ती द्यायलाच हवी, पण तिच्यामुळे गुन्हा मिटत नाही. पंजाबातल्या एका प्रकरणात दोघांच्या मृत्यूनंतर कुटुंबाला 85,000 रुपये दिले म्हणून उच्च न्यायालयाने शिक्षा भोगून झालेल्या 24 दिवसांवर आणली होती. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सहा महिने केली आणि 304-अ ची शिक्षाच नव्याने तपासायला हवी असं कायदे करणाऱ्यांना सुनावलं. दुखापतीच्या गुन्ह्यात तर कोर्टाच्या परवानगीने तडजोडही चालते. कोर्टाच्या आवारातल्या चहाच्या टपरीवर ती कितीला होते हे इथे लिहीत नाही.

‘जगात कुठेही नाही’ याला दोन ओळी पुरेत. ब्रिटनमध्ये धोकादायक गाडी चालवून गंभीर इजा केली तर पाच वर्षांपर्यंत, मृत्यू घडवला तर 2022 पासून जन्मठेपेपर्यंत. जपानमध्ये धोकादायक चालवण्याने नुसती इजा झाली तरी 15 वर्षांपर्यंत. ब्रिटनमध्ये अशा गुन्ह्यानंतर लायसन जातंच आणि बंदी संपल्यावर पुन्हा, तीही जास्त लांबीची, परीक्षा द्यावी लागते. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम 22 खाली कोर्ट लायसन रद्द करू ‘शकतं’. शिक्षा वाढवण्यापेक्षा मला हे महत्त्वाचं वाटतं. ज्याने एकाचा पाय घालवला त्याला पुन्हा स्टिअरिंगवर बसण्याआधी कोणीतरी तपासायला नको?

उरला मालक. इथे मेसेज बरोबर आहे, फक्त तिथेच थांबतो. मोटार परिवहन कामगार कायदा 1961 चा, 2025 पर्यंत लागू होता. त्यात दिवसाला आठ आणि आठवड्याला 48 तास काम लिहिलेलं होतं. नाशिकहून द्राक्षं भरून निघालेल्या ड्रायव्हरला हे वाचून दाखवा, तो हसेल. ट्रिप वेळेत पोचली तर भत्ता, उशीर झाला तर कपात, दुसरा ड्रायव्हर द्यायचा तर खर्च वाढतो म्हणून क्लीनरवरच भागवायचं. डुलकी लागून गाडी दुभाजकावर चढते तेव्हा एफआयआरमध्ये त्या ट्रिपचं वेळापत्रक नसतं. तपास अधिकाऱ्याने आधीच्या 48 तासांच्या टोलच्या नोंदी आणि मालकाचे फोन मागवले तर ते दोषारोपपत्राला जोडता येतात. ड्रायव्हरच्या वकिलानेही ते मागावेत. मी आता मागतो. पहिल्यांदा मागितले तेव्हा सरकारी वकिलांनी विचारलं, याचा अपघाताशी काय संबंध?