ल्युपसच्या पेशंटला काढा पाठवू नका

माझ्या वहिनीला ल्युपस आहे, म्हणजे स्वतःचीच प्रतिकारशक्ती शरीरावर उलटते असा आजार. ती रोज ज्या गोळ्या घेते त्यांचं काम तिची रोगप्रतिकारशक्ती कमी करणं हे आहे. हो, कमी करणं. हे मी घरातल्या प्रत्येकाला सांगून झालंय, तरी पावसाळा लागला की कुणी ना कुणी मायेने तिच्यासाठी 'इम्युनिटी वाढवणारं' काहीतरी घेऊन येतंच. गुळवेलीचा काढा, कसले तरी थेंब, चूर्णाचा डबा. देणाऱ्याची माया खरी असते, त्यामुळे नको म्हणताना तिला फार अवघड होतं. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, म्हणून हे एकदा नीट लिहायची जबाबदारी माझी आहे असं मला वाटतं.

करोनानंतर आपल्या डोक्यात एक कल्पना घट्ट बसली आहे, की इम्युनिटी म्हणजे गच्चीवरची पाण्याची टाकी. पातळी खाली गेली की आजार, टाकी भरली की आपण सुरक्षित. शरीरात अशी कुठली एक पातळी नसते. असतात त्या अनेक प्रकारच्या पेशी, आणि त्यांचं अर्ध्याहून जास्त कौशल्य कुणाला मारायचं यापेक्षा कुणाला मारायचं नाही हे ओळखण्यात आहे.

शेतात पायात काटा मोडला की काय होतं ते बघा. काही तासांत तिथे पांढऱ्या पेशी गोळा होतात, जागा लाल होते, ठणकते. पू होतो तो बहुतांशी त्याच मेलेल्या पेशींचा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जांघेत अवधाण येतं. ती लसीकाग्रंथी सुजलेली असते, कारण जखमेतल्या जंतूंचे तुकडे तिथे आणले जातात आणि त्यांना नेमक्या जुळणाऱ्या पेशी वाढायला लागतात. ताप येतो तोही जंतू आणत नाहीत. आपल्याच पेशी मेंदूला निरोप धाडतात आणि मेंदू शरीराचं तापमान चढवतो. म्हणजे ज्याला आपण आजार म्हणतो, त्यातला बराचसा भाग हे प्रतिकारशक्तीचंच काम असतं. ते काम वाढवत नेलं तर माणूस अधिक निरोगी होईल, हा हिशेब मुळातच चुकतो.

नेमकी जुळणारी अँटिबॉडी (जंतूला चिकटणारं, शरीराने बनवलेलं प्रथिन) पुरेशी तयार व्हायला पहिल्या वेळी आठवडा-दोन आठवडे लागतात. त्यानंतर त्या जंतूची आठवण ठेवणाऱ्या पेशी मागे उरतात, म्हणून पुढच्या वेळी काम झटपट होतं. लस हेच करते. आजार न होऊ देता आठवण तयार करते.

आता खरा गुंता. जगात कुठला जंतू भेटेल हे शरीराला आधी माहीत नसतं, म्हणून ते वाट्टेल त्या आकाराला जुळतील अशा असंख्य पेशी आधीच बनवून ठेवतं. त्यातल्या काही आपल्याच अवयवांना जुळणार हे ओघानेच आलं. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी आहे. तिथे टी पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) तपासल्या जातात आणि ज्या स्वतःच्याच शरीराला घट्ट चिकटतात त्यांना मरावं लागतं. तरीही काही निसटतातच. १९९५ मध्ये जपानच्या शिमोन साकागुची यांनी दाखवलं की निसटलेल्यांना आवरणाऱ्या वेगळ्या टी पेशी असतात. २००१ मध्ये मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी त्यामागचं जनुक शोधलं. ज्या बाळांमध्ये ते जनुक बिघडलेलं असतं, त्यांचं आतडं, त्वचा, स्वादुपिंड यांच्यावर त्यांचीच प्रतिकारशक्ती तुटून पडते. या तिघांना २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. मला ही बातमी फार मोलाची वाटली, कारण हा सन्मान प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या यंत्रणेच्या शोधाचा होता.

ल्युपसमध्ये हा आवरच सुटतो. अँटिबॉडी स्वतःच्या पेशींच्या केंद्रकातल्या घटकांविरुद्ध तयार होतात. सांधे, त्वचा, रक्त, आणि सगळ्यात भीतीची गोष्ट म्हणजे मूत्रपिंड. दहातल्या सुमारे नऊ रुग्ण स्त्रिया असतात, बऱ्याचशा ऐन तरुण वयातल्या. ताप, सांधेदुखी, केस गळणं, थकवा यांना आधी चिकुनगुनिया म्हटलं जातं, मग अशक्तपणा, मग 'टेन्शन घेतेस फार'. अशा बाईला प्रतिकारशक्ती चेतवणारं काहीही द्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं, याचा विचार करा. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, आणि ती इजा ऑटोइम्यून हेपटायटिससारखी, म्हणजे स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने यकृतावर हल्ला केल्यासारखी दिसत होती. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. वाद असू दे. पण ज्याला आधीच ऑटोइम्यून आजार आहे त्याने हा धोका का पत्करावा, याचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

आणि एक. ल्युपसमध्ये प्रतिकारशक्ती आवरायला बरेचदा स्टिरॉइड देतात. 'स्टिरॉइड वाईट असतं, सोडून दे' असं कुणालाही सांगू नका. बरेच दिवस स्टिरॉइड घेतलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. गोळी अचानक बंद केली तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. ती कमी करायची असते ती डॉक्टरांनी, टप्प्याटप्प्याने.

ल्युपस अनेकांनी ऐकलेला नसतो, पण याच जातीचे आजार आपल्या आसपास भरपूर आहेत. लहान मुलांचा टाइप १ मधुमेह, हाताच्या बोटांचे सांधे वाकडे करणारा आमवात, थायरॉइडचे बरेच आजार, सोरायसिस. यातला मला सगळ्यात जास्त बोचणारा म्हणजे संधिज्वर, र्‍हुमॅटिक फीवर. पाच ते पंधरा वयाच्या मुलाचा घसा स्ट्रेप्टोकोकस या जंतूने सुजतो, चार दिवसांत बराही होतो. पण त्या जंतूविरुद्ध उभा राहिलेला प्रतिकार, जंतू आणि हृदयातले घटक यांच्या साम्यामुळे फसून, हृदयाच्या झडपांवर चालून जातो. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, सांधे एकामागून एक सुजतात. मग ते सगळं ओसरतं आणि घरचे विसरून जातात. पुढे कित्येक वर्षांनी, मुलीच्या बाबतीत अनेकदा पहिल्या बाळंतपणात, कळतं की झडप आकसली आहे. घसादुखीच्या वेळी वेळेवर पेनिसिलिन मिळालं असतं तर हे टळलं असतं. एकदा संधिज्वर झालेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यावं लागतं, आणि मूल ठणठणीत दिसतंय म्हणून ते मध्येच थांबवतात. कृपा करून थांबवू नका.

अ‍ॅलर्जी हाही जास्तीचाच प्रकार. गाजर गवत आपल्या सगळ्यांना माहीत आहे. १९५० च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि मग ते देशभर पसरलं. त्यात काम करणाऱ्या काही शेतकऱ्यांच्या पापण्या, मान, कोपराची घडी इथली कातडी काळी आणि जाड होते, रात्र रात्र खाज सुटते. तेच गवत उपटणाऱ्या शेजाऱ्याला काहीच होत नाही. फरक पडतो तो दोघांच्या टी पेशींमुळे. एकाच्या पेशींनी त्या गवतातल्या पदार्थाला शत्रू ठरवलेलं असतं.

डेंग्यूचं तर आणखी विचित्र आहे. त्याचे चार प्रकार. एकदा एक होऊन गेल्यावर दुसऱ्या वेळी वेगळा प्रकार झाला तर तो गंभीर होण्याची शक्यता वाढते, कारण जुन्या अँटिबॉडी नव्या विषाणूला चिकटतात पण निकामी करत नाहीत, उलट पेशीत शिरायला वाट करून देतात. 'मला होऊन गेलाय, आता काळजी नाही' असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

प्रतिकारशक्ती कमी पडणं हेही खरंच असतं, आणि त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे क्षय. क्षयाचे जंतू अनेकांच्या शरीरात वर्षानुवर्षं पेशींच्या वेढ्यात पडून असतात. मधुमेह आटोक्यात नसेल, एचआयव्ही असेल, किंवा पोटभर खायला नसेल, तर तो वेढा ढिला पडतो. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्या माणसांना दरमहा जादा तांदूळ, डाळ आणि सूक्ष्मपोषकांच्या गोळ्या देऊन बघितल्या. त्या घरांत नव्याने क्षय होण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटलं. २०२३ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रतिकारशक्तीसाठी पैसे खर्च करायचे असतील तर ते कुठे करायचे, याचं इतकं स्पष्ट उत्तर क्वचित मिळतं. पण डाळ-तांदळाची जाहिरात कोण करणार?

शेवटचं गोवराबद्दल. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी आणि आसपासच्या वस्त्यांत गोवराची साथ आली, मुलं दगावली. अजूनही 'देवीचा फेरा आहे, निघून जाईल' म्हणून घरी ठेवतात. गोवराचा विषाणू आठवण ठेवणाऱ्या पेशीच मारतो. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या मुलांचं रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासलं, तेव्हा इतर जंतूंविरुद्धच्या अँटिबॉडीज ११ ते ७३ टक्के नाहीशा झालेल्या आढळल्या. म्हणजे अंगावरचे पुरळ गेले तरी ते मूल पुढे बराच काळ न्यूमोनियाला, जुलाबाला उघडं पडतं. गोवर-रुबेलाच्या लशीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान. हुकला असेल तर पाच वर्षांपर्यंत सरकारी दवाखान्यात तो मोफत मिळतो. घरात लहान मूल असेल तर लसीकरणाचं कार्ड आजच काढून बघा, आणि तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंनाही त्यांच्या मुलांचं विचारा.