पहिली जागा, म्हणजे उरलेली नव्हे

देवाला पहिली जागा देण्याबद्दलच्या एका लेखात म्हटलंय की देवाला सगळं वाहायचं तर संसारातून मन काढावं लागतं. हे मला पटलं नाही. मी मूळची श्रीरामपूरची, लग्न झाल्यापासून म्हापशात. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 6व्या अध्यायात येशू दोन धन्यांच्या चाकरीबद्दल बोलतो, तेव्हा दुसरा धनी म्हणून तो धनाचं नाव घेतो, नवरा-मुलांचं नाही. आणि मार्कच्या शुभवर्तमानात, 12व्या अध्यायात, देवावर संपूर्ण मनाने प्रीती करा म्हटल्यावर लगेच शेजाऱ्यावर प्रीती करा असं येतं!

आपल्या गोव्यातल्या बाणावलीचे संत जोसेफ वाझ बघा. डच अमलाखालच्या सिलोनमध्ये (आजच्या श्रीलंकेत) कॅथलिक धर्मगुरूंना बंदी होती, तरी ते 1687 साली तिथे गेले. तिथल्या कँडी शहरात देवीची साथ आली तेव्हा लोकांनी टाकून दिलेल्या रोग्यांची शुश्रूषा त्यांनी केली. देवाला दिलेलं मन असं माणसांकडेच वळलं ना?

देवाला मन देण्यातली माझी अडचण फार साधी आहे. संध्याकाळी तेर्स, म्हणजे माळेवरची प्रार्थना, म्हणायला बसतो आणि टेबलावर फोन थरथरतो. हातात माळ, डोळे स्क्रीनवर. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या गेल्या उपासकाळात धाकटीने तो उचलून तांदळाच्या डब्यात ठेवला, वर झाकण लावलं. पहिले दोन दिवस मला करमेना, खरंच सांगते. आता तेर्स संपला तरी आम्ही बसून राहतो, सासूबाई जुन्या गोष्टी सांगतात. फोन डब्यातच असतो.