ठिपके गेले म्हणजे रोग गेला का? ‘एक जुना मासेवाला’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. समुद्री माशांच्या टाकीतल्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावरच्या मागच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. खाली दोन ओळींत आटोपणारं उत्तर नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहितो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तुमच्या टँगला (हा एक समुद्री मासा) पांढरे ठिपके आले, तुम्ही पाणी ३० अंशांवर नेलं, खाद्याला लसूण चोळला आणि पाच दिवसांत मासा लख्ख झाला. तेव्हा तांब्याचं औषध, क्वारंटाईन (मासा वेगळ्या टाकीत ठेवणं) आणि मुख्य टाकी ७६ दिवस बिनमाशांची ठेवणं ही सगळी नवशिक्यांना पळवून लावायची थेरं आहेत. शिवाय तुम्ही एकदा तांबं वापरलंत तेव्हा दोन दिवसांत तीन मासे गेले.

पाच दिवसांत ठिपके गेले हे मला शंभर टक्के मान्य आहे. काहीही केलं नसतं तरी ते गेले असते. आपण ज्याला मरीन इक म्हणतो तो क्रिप्टोकॅरियॉन नावाचा परजीवी माशाच्या अंगावर साधारण तीन ते सात दिवस राहतो. त्वचेच्या वरच्या थराखाली बसून तो पोट भरतो आणि रव्याच्या कणाएवढा दिसायला लागतो. पोट भरलं की आपणहून मासा सोडतो, खाली वाळूवर, दगडावर नाहीतर काचेवर बसतो आणि स्वतःभोवती कवच करून घेतो. त्या कवचात त्याचे तुकडे होत जातात, एकाचे दोनशेपर्यंत. कवच फुटलं की ही पिल्लं पोहत मासा शोधतात, बहुतेक वेळा पहाटेच्या अंधारात, जेव्हा मासे एका जागी निपचित असतात. तुम्ही लसूण देत होतात तेव्हा ठिपके खाली उतरत होते, इतकंच.

तुमच्याच प्रतिक्रियेच्या शेवटी एक ओळ आहे: ‘पंधरवड्याने दोन-चार ठिपके परत दिसले, पण तेही गेले.’ मला त्या ओळीची जास्त काळजी वाटते. ती दुसरी फेरी होती.

आता तापमान. ही युक्ती गोड्या पाण्यातून आली आहे. तिथला इक वेगळा, त्याला ३० अंशांच्या वर तगणं जड जातं. खाऱ्या पाण्यातला नावाने आणि दिसण्याने सारखा असला तरी तो त्याच्या जवळच्या नात्यातला नाही. उष्ण समुद्रातलाच हा रहिवासी, ३० अंशांत त्याचं चक्र उलट जोरात फिरतं. शिवाय पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो, आणि परजीवी कल्ल्यांमध्येही बसलेला असतो. ज्या माशाला आधीच धाप लागली आहे त्याची हवा आपण अजून कमी करतो. मुंबई-ठाण्यात एप्रिल-मे महिन्यांत चिलर नसलेली टाकी हीटरशिवायच तिथवर जाते. त्या न्यायाने उन्हाळ्यात इक दिसायलाच नको होता.

लसणाबद्दल माझी काही तक्रार नाही. मासा त्याने खायला लागत असेल तर जरूर द्या. औषध म्हणून देऊ नका.

तांबं विष आहे हे तुम्ही म्हणता आणि ते खरंच आहे. परजीवी माशापेक्षा थोडा आधी मरतो, त्या मधल्या अरुंद पट्टीत आपल्याला थांबायचं असतं. त्वचेखालच्या परजीवीला ते लागत नाही, कवचातल्यालाही नाही. ते मारतं फक्त पोहणाऱ्या पिल्लांना. म्हणूनच डोस एकदा टाकून भागत नाही, महिनाभर पातळी धरून ठेवावी लागते. चिलेटेड तांब्याला (दुसऱ्या रसायनाने बांधून ठेवलेलं तांबं) साधारण २ ते २.५ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) आणि साध्या आयनिक, म्हणजे मोकळ्या तांब्याला ०.१५ ते ०.२० लागतं. हा दहापट फरक लक्षात न घेता एकाचा डोस दुसऱ्याला लावला तर काय होईल ते सांगायला नको. किटचंही तसंच: फक्त मोकळं तांबं मोजणारं किट चिलेटेड तांब्याला कमी आकडा दाखवतं आणि माणूस अजून ओततो.

तुमचे तीन मासे कशाने गेले हे इथे बसून ठामपणे सांगणं बरोबर नाही, पण तुम्ही लिहिलंय की टाकी नवी होती आणि ‘अमोनियाचं कंडिशनर’ही रोज घालत होतात. तांबं असलेल्या पाण्यात असलं कंडिशनर घालायचं नसतं. त्यातली रसायनं तांब्याचं रूप बदलतात आणि मासा एका रात्रीत जाऊ शकतो. मी आधी संशय तिथेच घेईन. मुख्य टाकीतल्या मुरलेल्या स्पंजवर (अमोनिया पचवणारे जीवाणू वाढलेला फिल्टर) क्वारंटाईन चालवली की कंडिशनरची गरजच पडत नाही. लाईव्ह रॉक (जिवाणूंनी भरलेला सच्छिद्र समुद्री दगड) मात्र तिथे नको, ते तांबं शोषतं आणि आकडा रोज घसरतो. कोरल, कोळंबी आणि गोगलगायींच्या टाकीत तर तांब्याचा थेंबही नको. हे मूळ लेखात ठळक अक्षरात आहे.

७६ दिवसांचा आकडाही हवेतून आलेला नाही. बहुतेक कवचं पहिल्या महिन्याभरात फुटतात, पण काही ७२ दिवसांनी फुटल्याची नोंद आहे. पुढचे चार दिवस पिल्लं उपाशी मरायला. माशाशिवाय ती एक-दोन दिवसांवर जगत नाहीत. कोरल, खेकडे टाकीतच राहू द्यायचे, त्यांना हा रोग होत नाही.

तुमचा एक मुद्दा मात्र पटतो: एकदा बरे झालेले धडधाकट मासे काही महिने या रोगाला दाद देत नाहीत, आणि बऱ्याच टाक्या तशाच चालतात. चालवा. फक्त त्या टाकीत नवा मासा सोडताना तो पहिल्याच आठवड्यात ठिपक्यांनी भरला तर दुकानदाराला बोल लावू नका.

तांब्याची भीती बसलीच असेल तर टबबदल करून बघा. ४० लिटरचे दोन प्लास्टिकचे टब, एअर पंप, हीटर, लपायला पीव्हीसी पाईपचे तुकडे. दर तीन दिवसांनी, म्हणजे खाली बसलेलं कवच फुटायच्या आत, मासा दुसऱ्या टबात, असं चार वेळा. पहिला टब धुऊन खडखडीत वाळवायचा, जाळीसकट. दरवेळी दीड किलोच्या आसपास मीठ लागेल, तोच काय तो खर्च. नव्या पाण्याचा खारटपणा आणि तापमान जुन्याशी जुळवून घ्या.

हा उपाय वेल्वेट या दुसऱ्या परजीवी रोगावर चालत नाही. अंगावर धूळ भुरभुरल्यासारखी दिसत असेल, मासा पॉवरहेडच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) झोतात तोंड धरून उभा असेल, तर टब विसरा आणि त्याच दिवशी तांबं सुरू करा. ते तीन मासे गेले तेव्हा वापरलेल्या तांब्याच्या बाटलीवरचं नाव आणि किट कोणतं होतं ते कळवा, म्हणजे तुमच्या टँगसाठी डोस नीट काढता येईल.